सूर्याग्नीचे भांडे



थेरगावात आणि शेजारच्या चिंचवड-काळेवाडीच्या अंगाला मोठ्या कारखान्यांसाठी लहानसहान भाग करून देणारी पुष्कळ वर्कशॉपे आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकात गेलात, तर कोपऱ्यात बेंच ग्राइंडर हमखास दिसेल. त्याच्या एका टोकाला करडे व्हील असते, दुसऱ्या टोकाला हिरवे. साध्या पोलादी हत्याराला करड्यावर धार लावायची आणि कार्बाइडची टीप बसवलेल्या हत्याराला हिरव्यावर, हे नव्याने कामाला लागलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगण्यात येते. ते तसे का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि तोही विचारीत नाही.

आजच्या विषयाचा प्रारंभ मी या हिरव्या व्हीलापासून करणार आहे. ते ज्या पदार्थाचे बनते त्याला कारागीर कार्बोरंडम म्हणतात आणि रसायनशास्त्रज्ञ सिलिकॉन कार्बाइड. वाळूतले सिलिकॉन आणि कोळशातला कार्बन यांचा तो संयोग. याच पदार्थाचे केसाहून बारीक धागे काढावे, ते विणावे, आणि विणीतली भोके पुन्हा याच पदार्थाने बुजवावी. असा जो पत्रा तयार होतो, त्याची भिंत सूर्याच्या जातीचा अग्नी पृथ्वीवर कोंडून ठेवण्यास उपयोगी पडेल, अशी आशा गेली पन्नास वर्षे शास्त्रज्ञ बाळगून आहेत. धार लावण्याच्या दगडापासून सूर्याग्नीच्या भांड्यापर्यंतचा हा रस्ता कसा पडला आणि तो अजून पुरा का झाला नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे. उद्योगधंद्यांचा विषय वसंतातल्या व्याख्यानाला परका मानण्याचे कारण नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, त्यांनी लोखंडाच्या धंद्यावरही निबंध लिहिला आहे.

८ ऑगस्ट १९५५ या दिवशी जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधी संयुक्त राष्ट्रसंघाने बोलावलेली पहिली परिषद सुरू झाली. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे डॉ. होमी भाभा, वय अवघे पंचेचाळीस. तुर्भ्याची ‘अप्सरा’ भट्टी चालू व्हायला अजून वर्ष होते. परिषदेचा सारा भर युरेनियमचे अणू फोडून मिळणाऱ्या शक्तीवर होता. पण भाभांनी अध्यक्षीय भाषणात त्यापुढची गोष्ट काढली. अणू फोडून नव्हे तर जोडून, म्हणजे हायड्रोजनच्या जातीच्या हलक्या अणूंचे संमीलन घडवून, जी शक्ती हायड्रोजन बाँबमध्ये एका क्षणात सुटते, ती आवरून धरून सोडण्याची रीत पुढच्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी केले. ती सापडली की महासागरात जितका जड हायड्रोजन आहे तितके इंधन मानवाच्या हाती येईल, आणि जगाची शक्तीची विवंचना कायमची मिटेल, असेही त्यांचे म्हणणे होते.

दोन दशके म्हणजे १९७५. हे साल आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्या वेळी या विषयावरचे संशोधन अमेरिका, रशिया आणि इंग्लंड यांच्या कपाटांत कुलूपबंद होते. १९५८ च्या दुसऱ्या जिनीव्हा परिषदेत कुलपे निघाली. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडने ‘झीटा’ नावाच्या यंत्रात संमीलन साधल्याचा डांगोरा पिटला आणि मे महिन्यात तो निमूटपणे मागे घेतला. १९६८ साली रशियनांनी ‘टोकामाक’ या कंकणाकृती यंत्राचे आकडे जाहीर केले. त्यांवर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून पुढच्या वर्षी इंग्रज शास्त्रज्ञ आपली लेसरची उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले, आणि आकडे खरे निघाले. तेव्हापासून टोकामाक हीच या विद्येची मुख्य वाट झाली.

या सगळ्या खटाटोपात लक्ष होते ते अग्नीवर. तो दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावयाचा होता. इतक्या उष्णतेत अणूंवरची टरफले निघून जातात आणि द्रव्य एका चौथ्याच अवस्थेत जाते. मराठी विश्वकोशाने तिला आयनद्रायू असे नाव दिले आहे, व्यवहारात सगळे प्लाझ्माच म्हणतात. हा प्लाझ्मा चुंबकाच्या अदृश्य पिंजऱ्यात अधांतरी धरायचा, भिंतीला शिवू द्यायचा नाही, अशी योजना. अग्नी जर भांड्याला लागणारच नाही, तर भांड्याची काळजी ती काय? आधी विस्तव पेटू द्या, भांडे कोठेही मिळेल, असाच एकंदर सूर होता. आपल्या घरातली कोणतीही गृहिणी असे बोलली नसती.

कारण भांड्याला लागायचे ते लागतेच. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचे संमीलन झाले की एक हेलियमचा अणू आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. शक्तीची वाटणी अशी होते की रुपयातले ऐंशी पैसे एकट्या न्यूट्रॉनच्या पदरात जातात. आणि न्यूट्रॉनावर विद्युत्भार नसतो, म्हणून चुंबकाचा पिंजरा त्याच्या दृष्टीने नाहीच. तो सरळ जाऊन भिंतीवर आदळतो, तोही नेहमीच्या अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनाच्या कितीतरी पट जोराने. भिंतीतला अणू तो त्याच्या जागेवरून उडवतो. उडालेला अणू शेजाऱ्याला ढकलतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. वीज निर्माण करणाऱ्या संमीलन-भट्टीत आतल्या भिंतीचा प्रत्येक अणू वर्षाकाठी दहावीस वेळा तरी आपल्या जागेवरून हुसकला जाईल, असा हिशेब मांडण्यात आला आहे. शिवाय काही अणूंचे न्यूट्रॉनाच्या माऱ्याने मूलद्रव्यच पालटते, आत हेलियमचे बारीक बुडबुडे धरतात, आणि भिंत स्वतः किरणोत्सर्गी होऊन बसते.

पोलाद या माऱ्यात काही काळ टिकते, नाही असे नाही. त्यासाठी खास पोलादेही तयार झाली आहेत; आपल्याकडे कल्पाक्कमच्या संशोधन केंद्राने आणि हैदराबादच्या मिश्रधातू निगमने मिळून तसले पोलाद केले आहे. पण असल्या पोलादाचा दम ५५० अंशांच्या आसपास संपतो. आणि उष्णतेची वीज करताना उष्णता जितकी चढी तितकी वीज अधिक, हा नियम वाफेच्या इंजिनापासून चालत आलेला आहे. सूर्याचा अग्नी पेटवायचा आणि तो मंद आचेवर वापरायचा, असा हा पोलादाचा संसार. म्हणून मग हजार अंशांवर उभा राहणारा, न्यूट्रॉन खाऊनही फारसा किरणोत्सर्गी न होणारा असा पदार्थ कोणता, याचा शोध सुरू झाला, आणि शोधणाऱ्यांची नजर कार्बोरंडमवर गेली.

हा पदार्थ हाती आला तो अपघाताने. एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा अमेरिकन गृहस्थ, जो पूर्वी एडिसनच्या हाताखाली काम करीत असे, १८९१ साली पेन्सिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला या गावी एका लोखंडी वाडग्यात चिकणमाती आणि दगडी कोळशाच्या कोकची पूड घालून त्यातून जबरदस्त विद्युत्प्रवाह सोडीत होता. निघाल्यावर कार्बनच्या कांडीला काही चकचकीत कण चिकटलेले दिसले, आणि त्या कणांनी काच कापली. आपल्याला कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण मिळाले असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. समजूत चुकीची होती. नाव मात्र राहिले. पहिली गिऱ्हाइके जवाहिरे होते. रत्नांना पैलू पाडण्याच्या कामी ते ही पूड घेत. १८९५ मध्ये नायगारा धबधब्याची वीज मिळाली आणि पुडीचे ढीग पडू लागले. आपल्याकडे १९४१ साली, लढाईच्या दिवसांत, उरणजवळ मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीने ग्राइंडिंग व्हीले करण्याचा कारखाना काढला. पिंपरी-चिंचवडचा पट्टा तेव्हा शेतीचाच होता.

येथे थोडे विषयांतर करतो. अ‍ॅचेसनने केलेला हा पदार्थ निसर्गात नाहीच असे वाटत होते. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ म्वासाँ याने अमेरिकेत पडलेल्या एका अशनीचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांतले चमकते कण त्याला प्रथम हिरे वाटले. १९०४ मध्ये ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे त्याने ओळखले. पुढे १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत याच पदार्थाचे अतिसूक्ष्म कण १९८७ मध्ये मिळाले. ते आपल्या सूर्यमालेतले नव्हेत. दुसऱ्या, आधीच मरून गेलेल्या ताऱ्यांच्या धुरात ते जमले होते. २०२० साली त्यांतल्या काहींचे वय पाच ते सात अब्ज वर्षे ठरवण्यात आले. आपल्या सूर्याचे वय साडेचार अब्जांच्या थोडे वर. म्हणजे सूर्याचा अग्नी ठेवण्यासाठी जो पदार्थ आपण निवडू पाहतो, तो सूर्याहून वडील आहे.

मग अडले कोठे? असा कणखर, आगीला न जुमानणारा पदार्थ घ्यावा, त्याची भिंत बांधावी. अडले ते ठिसूळपणावर. आणि ठिसूळपणा म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्याला थेरगावाहून वीसएक किलोमीटर, तळेगाव दाभाड्यापर्यंतच जावे लागेल.

तळेगावाला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून ही भट्टी पेटली. ती चालवण्यास ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले तरुण मिळाले. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभर गेले. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला असेल त्यांना एक अनुभव खात्रीने असणार. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला, की टिक् असा आवाज होई आणि काचेत वरपासून खालपर्यंत तडा. एवढ्याशा थेंबाने एवढी काच का जावी? थेंब पडला तेथली काच आकसते, शेजारची आकसत नाही, ताण उत्पन्न होतो. लोखंडी झारा अशा वेळी किंचित वाकून मोकळा होतो. काचेला वाकता येत नाही. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी एखादी चीर असतेच. सारा ताण त्या चिरेच्या टोकाशी येऊन साठतो, आणि एकदा का ती चालू लागली की तिला अडवणारे काही नसते.

हे नुसते अनुभवाचे बोल राहिले नाहीत. १९२०-२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे ग्रिफिथ नावाच्या इंजिनियराने याचे गणित मांडले. काचेचा धागा जितका बारीक ओढावा तितका तो, जाडीच्या मानाने, अधिक बळकट निघतो असे त्याला आढळले. बारीक धाग्यात मोठी चीर मावतच नाही. ठिसूळ पदार्थ मुळात दुबळा नसतो. त्याचे दुर्दैव त्याच्या चिरेत असते. हा सिद्धांत पुढच्या साऱ्या हकिकतीचा पाया आहे.

ठिसूळपणावर पहिला इलाज निघाला तो हत्यारांच्या धंद्यात, आणि त्याची ओळख येथील कारागिरांना चांगली आहे. जर्मनीत १९२० नंतर टंगस्टन कार्बाइडच्या कठीण कणांना कोबाल्ट धातूने सांधून कापण्याच्या टिपा करण्यात आल्या. कण कठीण, कोबाल्ट चिवट. चीर कणातून निघाली तरी कोबाल्टात शिरून मंदावते. १९६० साली सँडविक कंपनी पुण्यात आली आणि दापोडीला याच टिपा होऊ लागल्या. हिरवे व्हील या टिपांनाच धार लावते. कार्बाइडला करडे व्हील पुरे पडत नाही, त्याहून कठीण दगड लागतो, म्हणून हिरवे. आरंभी सांगितलेल्या ‘का’चे उत्तर ते हे. पण सूर्याग्नीच्या भांड्याला हा इलाज चालत नाही. न्यूट्रॉन खाल्ला की कोबाल्टचे कोबाल्ट-६० होते, ज्याचे किरण आपल्या इस्पितळांत कर्करोगावर सोडण्यात आले. औषधाला ते ठीक. भिंतीच्या गिलाव्यात असले विष कोण कालवील?

दुसरा इलाज आपल्या शेतकऱ्याच्या घरात फार पूर्वीपासून आहे. धान्याची कणगी पाहा. नुसत्या मातीची एवढी मोठी भिंत वाळताना तडकून पडेल. म्हणून आधी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणतात आणि मग तो शेणमातीने लिंपतात. माती वाळते, तिला भेगाही पडतात. पण भेग कामटीशी येऊन थांबते, वळते, दुसरीकडे जाते. भेगा शंभर, आणि कणगी उभीच. मातीचे सामर्थ्य वाढलेले नसते. तिची भेग सरळ चालू दिलेली नसते, इतकेच.

सिलिकॉन कार्बाइडची अशी कणगी करायची तर त्याच्या कामट्या हव्यात, म्हणजे धागे हवेत. हिरव्या व्हीलातल्या पदार्थाचा धागा काढणार कसा? तो वितळत नाही. २७००-२८०० अंशांच्या आसपास त्याचे विघटनच होते. काचेसारखा ओढता येत नाही, लोखंडासारखा तारपट्टीतून काढता येत नाही. हे कोडे जपानात सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी सोडवले. त्यांनी कठीण पदार्थाला हात लावलाच नाही. सिलिकॉन आणि कार्बन ज्यात आधीच एकमेकांना धरून बसलेले आहेत, असे राळेसारखे मऊ द्रव्य त्यांनी तयार केले. ते वितळवून नायलॉनसारखे त्याचे तंतू ओढले. तंतू पुन्हा वितळू नयेत म्हणून हवेत मंद शेकून घेतले. आणि शेवटी बाराशे अंशांच्या वर भाजले. नको ते वायुरूपाने निघून गेले आणि मागे सिलिकॉन कार्बाइडचा काळा धागा उरला, केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. कुंभार जसे मऊ असताना घडवतो आणि मग भाजतो, तीच ही रीत.

याजिमांनी हा शोध प्रसिद्ध केला ते साल १९७५.

भाभांच्या भाकिताची मुदत संपण्याचे तेच साल. अग्नी आवरण्याची रीत त्या वर्षी कोणाच्या हाती आलेली नव्हती. पण ज्या भांड्याचा उच्चारही १९५५ च्या भाषणाच्या वेळी कोणी केला नसता, त्याचा पहिला धागा त्या वर्षी निघाला. यात दैवी योग पाहण्याचे कारण नाही. याजिमांचा शोध संमीलनासाठी नव्हताच. तथापि आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेत सॅन डिएगो येथील परिषदेत हॉपकिन्स यांनी संमीलन-भट्टीची भिंत सिलिकॉन कार्बाइडची असावी असे सुचवले होते. मागणी आणि माल असे वर्षाच्या अंतराने, एकमेकांना न विचारता जन्मले.

धागा मिळाला तरी कणगी व्हायची होती. फ्रान्समध्ये बोर्दो येथे रॉजर नास्लँ आणि त्यांचे सहकारी यांनी विणलेले कापड भट्टीत टांगून त्यातून सिलिकॉन व कार्बन असलेली वाफ आठवडेच्या आठवडे खेळवण्याची पद्धत बसवली. वाफेतून सिलिकॉन कार्बाइड धाग्यांभोवती साचत जाते, जसे पाण्याच्या बंबात क्षार साचतात. यात एक मख्खी आहे. धागा आणि भरण एकजीव झाले तर सगळे व्यर्थ. चीर भरणातून धाग्यात सरळ घुसेल आणि पत्रा कंदिलाच्या काचेसारखा फुटेल. म्हणून वाफ सोडण्यापूर्वी धाग्यांना कार्बनचा एक थर देतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. चीर या मऊ थराशी आली की धाग्याच्या अंगाने घसरते. धागा शाबूत राहून भार उचलत राहतो, आणि शेवटी तुटलाच तरी भरणातून ओढला जाताना घर्षणाने जोर खातो. बळकटी चिकटण्यात नसून बेताने सुटण्यात आहे. या विद्येतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

आता न्यूट्रॉनाची परीक्षा. पहिल्या पिढीच्या धाग्यांचे पत्रे अणुभट्टीत ठेवून पाहिले, तेव्हा निराशा झाली. शुद्ध सिलिकॉन कार्बाइड न्यूट्रॉनांच्या माऱ्यात थोडे फुगते आणि मग थांबते. भरण तसे फुगले. धागे मात्र आकसले. भरण फुगले, धागा आकसला, मधला धरबंध सुटला आणि पत्र्याची ताकद गेली. दोष निघाला त्या मंद शेकण्यात. हवेत शेकताना धाग्याने वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक प्राणवायू पोटात घेतला होता. जो सिलिकॉन कार्बाइडचा धागा म्हणून विकला जात होता, तो पुरता सिलिकॉन कार्बाइडचा नव्हताच. साध्या भट्टीत ही भेसळ खपली. न्यूट्रॉनाने ती उघडी पाडली.

मग जपानच्या ताकासाकी येथील अणुसंशोधन केंद्रात हवेऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोतात धागे पक्के करण्याची युक्ती निघाली, प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला, आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात जवळजवळ शुद्ध असे तिसऱ्या पिढीचे धागे बाजारात आले. त्यांच्या पत्र्यांनी अणूमागे कित्येक हुसकावण्या सोसूनही ताकद टिकवली. इकडे २००० साली अमेरिकन गटाने ‘एरीस-एटी’ नावाचा संमीलन-वीजकेंद्राचा आराखडा मांडला. त्यात भिंती याच पत्र्याच्या, त्यांतून वाहणारा शिसे आणि लिथियम यांचा रस अकराशे अंशांवर बाहेर पडणारा, आणि उष्णतेतून ५९ टक्क्यांच्या घरात वीज! कागदावर इतके सुंदर वीजकेंद्र क्वचितच कोणी काढले असेल.

कागदावर, हे मी मुद्दाम म्हणतो. कारण प्रत्यक्षात फ्रान्समध्ये जी ‘आयटर’ ही महाभट्टी उभी राहत आहे, तिची भांडी पोलादाचीच आहेत. डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, डिसेंबर २००५ मध्ये भारत त्या योजनेत सामील झाला, आणि भट्टीभोवतीचे जवळपास तीस मीटर उंच व तितकेच रुंद पोलादी पिंप आपल्या लार्सन अँड टुब्रोने हजिरा येथे तुकड्यातुकड्यांनी घडवून तिकडे पाठवले. २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे तेथे ड्यूटेरियम-ट्रिटियमचा अग्नी २०३९ मध्ये पेटावयाचा आहे. आयटर हा प्रयोग आहे, वीजकेंद्र नव्हे. त्याला पोलाद पुरते. त्यानंतरच्या भट्ट्यांचा प्रश्न आला की कार्बोरंडमची कणगी पुन्हा बोलण्यात येते.

तिचे दोषही सांगितलेच पाहिजेत. माऱ्यात सापडल्यावर तिची उष्णता वाहून नेण्याची शक्ती बरीच घटते. सिलिकॉन आणि कार्बन यांच्यात पोलादाच्या कितीतरी पट हेलियम निर्माण होतो. भेगा शंभर आणि कणगी उभी हे धान्याला चालते. वायूला आणि ट्रिटियमला त्या भेगा म्हणजे दारे. ऑक रिजच्या अणुभट्टीत अणूमागे सुमारे सत्तर हुसकावण्यांपर्यंत परीक्षा नेली, तेव्हा कमी उष्णतेवर ठेवलेल्या नमुन्यांत तो मऊ कार्बनचा थरच बिघडू लागला असे दिसले. आणि हे सगळे साध्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन. खऱ्या संमीलनाच्या जोराचे न्यूट्रॉन सतत पाडणारी परीक्षाशाळा स्पेनमध्ये ग्रनाडाजवळ बांधायला घेतली आहे.

भाभांचे भाकीत चुकले, हे स्पष्ट म्हणावे. बाजारात तुरी म्हणून त्याची थट्टा करणे मात्र मला मान्य नाही. त्यांनी अग्नीविषयी अंदाज बांधला तो त्या काळच्या थोरामोठ्यांच्या अंदाजांहून निराळा नव्हता. भांड्याचा हिशेब कोणीच धरला नाही. आणि भांड्याची विद्या तेव्हा होती कोठे? ती व्हीलांच्या कारखान्यांत, काचेच्या भट्ट्यांत, राळेच्या रसायनात विखुरलेली होती.

या पत्र्याचा संसार सुरू झाला तो अखेर सूर्याग्नीत नव्हे, विमानात. २०१६ पासून धावू लागलेल्या ‘लीप’ जातीच्या जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे सिलिकॉन कार्बाइडच्या याच विणीचे असते. धातूच्या तिसऱ्या हिश्श्याइतके त्याचे वजन. ही इंजिने लावलेली विमाने लोहगावाला उतरतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये उद्घाटन झालेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या चाकण येथील कारखान्यात या इंजिनांचे काही भाग होतात. कडे मात्र तेथले नव्हे. ते अमेरिकेत अ‍ॅशव्हिल येथे होते. त्या कड्यातल्या मऊ थरात बोरॉन असते, जे न्यूट्रॉन पचवून हेलियम सोडते. म्हणजे विमानातले कडे उचलून भट्टीत बसवावे, तर तेही साधत नाही.

या व्याख्यानाची तयारी करीत असता ओळखीच्या एका वर्कशॉपात मी हा सगळा प्रकार तेथल्या जुन्या फिटरला सांगितला. त्यांनी हिरव्या व्हीलावरून हात फिरवला आणि विचारले, “साहेब, हे वितळत नाही म्हणता. मग वेल्डिंग कसं करणार? भिंत काय एका तुकड्यात थोडीच होणार?”

इतका नेमका प्रश्न मला कोणा पदवीधराने विचारला नव्हता. सिलिकॉन कार्बाइडला वेल्डिंग नाहीच. टायटेनियमची पातळ पत्री मध्ये घालून दाबून भाजणे, काचेच्या जातीचा सांधा भरणे, त्याच पदार्थाची बारीक पूड मध्ये घालून दाबाखाली भाजणे, असे निरनिराळे जोड करून पाहिले आहेत. ऑक रिजच्या भट्टीत ५०० आणि ८०० अंशांवर त्यांची परीक्षा झाली. काही जोडांत बारीक भेगा दिसल्या, तरी बऱ्याच जोडांनी ताकद राखली. मी त्यांना तसे सांगितले.

“केवढे तुकडे होते?” त्यांनी विचारले.

मी बोटाचे पेर दाखवले. खरे म्हणजे तुकडे त्याहूनही लहान होते, सहा मिलिमीटरांचे.

“आणि भिंतीचा जोड केवढा लागेल?”

“मीटर, दोन मीटर.”

“मग तेवढा जोड घालून बघितला का भट्टीत?”

तेवढा जोड मावेल इतकी जागा त्या भट्टीत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, चष्मा लावला आणि हातातली टीप हिरव्या व्हीलाला टेकवली.